तडा नेमका तिथंच का जातो?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माळशिरस तालुक्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांना उसंत नसते. शंकरनगर, माळीनगर, सदाशिवनगर इथल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात आणि त्यातली एखादी हटकून वाटेतल्या वर्कशॉपच्या दारात उभी असते. अशाच एका दुकानात कानावर पडलेला हा संवाद.

"मिस्त्री, मागच्या साली हितंच जोडून दिलं हुतं की तुमी. परत गेलं बगा."

"नीट बघा दादा. जोडल्यालं जागच्या जागी हाय. त्येच्या शेजारी गेलंय."

मिस्त्रींचं खरं होतं. चॅसिसच्या लांब चॅनेलला जिथे आडवी पट्टी येऊन मिळते, त्या कोपऱ्यात गेल्या हंगामात तडा गेला होता. त्यावर जाड लोखंडी पट्टीचं चौकोनी ठिगळ मारलं. यंदा तडा गेला तो ठिगळाच्या अगदी काठाला लागून. बाकीचं लांबलचक सरळ चॅनेल ठणठणीत होतं. तुमच्या-आमच्या घरातही हेच दिसतं. प्लास्टिकची खुर्ची मोडते ती पाय बैठकीला मिळतो तिथे. बादलीची कडी तुटते ती कानापाशी. साखर कारखान्यातल्या रोलरचा शाफ्ट मोडला तर बहुधा त्याची जाडी जिथे बदलते तिथे मोडतो.

तडा कुठे जाणार हे मोडण्याआधी कळू शकतं का? गेल्या साठ-सत्तर वर्षांत अभियंत्यांच्या हाती या प्रश्नावर एक जबरदस्त हत्यार आलं आहे. त्याचं नाव फायनाइट एलिमेंट अ‍ॅनॅलिसिस. मराठीत त्याला सांत घटक विश्लेषण म्हणतात; सांत म्हणजे ज्याला अंत आहे, जो मोजता येईल असा. कारखान्यांच्या डिझाइन विभागात सगळे नुसतं एफईए म्हणतात. मोटारीच्या दारापासून विमानाच्या पंखापर्यंत आणि धरणापासून कृत्रिम सांध्यापर्यंत आज महत्त्वाची वस्तू बनवण्याआधी ती बहुधा या गणितातून जाते. या पद्धतीच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्याच मुलखात, माळशिरसहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पश्चिमेला घडलं आहे. तिथवर जाण्याआधी मूळ कल्पना समजून घेऊ.

कापडवाल्याची कात्री

कापड दुकानदार चार मीटर कापड कसं फाडतो ते आठवा. काठाला कात्रीने बोटभर छेद देतो, दोन्ही हातांनी झटका देतो आणि कापड टर्रकन फाटतं. छेद दिला नाही तर पैलवानालाही ते जमणार नाही. कापड तेच, हात तेच. छेदामुळे फरक एवढाच पडतो की आधी सगळ्या धाग्यांवर वाटला जाणारा जोर आता छेदाच्या टोकावरच्या चार धाग्यांवर गोळा होतो. शाम्पूच्या पुडीच्या कडेची खाच हेच काम करते.

पाटाच्या पाण्यात मध्येच मोठा दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटीने, जोरात पुढे जातं. लोखंडातून जाणारा जोरही असाच वाट काढत जातो. वाटेत भोक, कोपरा किंवा जाडीतला अचानक बदल आला की तिथे त्याची दाटी होते. दर चौरस सेंटिमीटरवर किती जोर आला त्याला अभियंते ताण म्हणतात. रुंद पत्र्याला मध्ये एक लहानसं गोल भोक पाडून पत्रा ओढला, तर भोकाच्या काठावरचा ताण इतर ठिकाणच्या तिप्पट होतो. कीर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने हे १८९८ साली कागदावर सिद्ध केलं. भोक मिलिमीटरचं असो की वीतभर, पत्रा त्या मानाने रुंद असेल तर उत्तर तिप्पटच.

हे सूत्र सुंदर आहे, पण ते गोल भोकाच्या सपाट पत्र्याचं आहे. ट्रॉलीच्या चॅसिसला कोणतं सूत्र लावणार? घन पदार्थात ताण कसा पसरतो याची समीकरणं एकोणिसाव्या शतकातच तयार झाली होती. अडचण अशी की ती सोडवता येत होती फक्त साध्या आकारांसाठी: गोल, चौकोन, सरळ दांडा. खऱ्या वस्तू इतक्या सभ्य आकाराच्या नसतात. मग अभियंते काय करत? वाकड्या वस्तूला सरळ दांडा समजून हिशेब करत आणि न कळलेल्या गोष्टींची भरपाई म्हणून जाडी दीडपट-दुप्पट करून टाकत. ती पद्धतही टाकाऊ नव्हती. ब्रिटिश काळातले कितीतरी पूल तिच्यावरच उभे आहेत.

मोजणीदाराची युक्ती

जमिनीची मोजणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना पुढची युक्ती लगेच कळेल. नीरेकाठच्या शेतांपैकी एखाद्याचाच आकार धड चौकोनी असतो. एका बाजूला सरळ बांध, दुसऱ्या बाजूला ओढा, तिसरीकडे रस्त्याचं वळण. अशा शेताचं क्षेत्रफळ एका सूत्राने निघत नाही. मोजणीदार मग शेतातून रेघा टाकतो, शेताचे त्रिकोण पाडतो, प्रत्येकाचा पाया आणि उंची मोजतो आणि बेरीज करतो. भूमी अभिलेख कार्यालयातलं 'गुणाकार बुक' म्हणजे याच त्रिकोणांचा हिशेब. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शाळकरी पोरालाही काढता येतं. अवघड काम सोप्या तुकड्यांवर वाटून दिलं की झालं. एक बारकावा लक्षात ठेवायचा. सरळ बांधाच्या बाजूला मोठाले त्रिकोण चालतात. ओढ्याच्या नागमोडी काठाला मात्र बारीक त्रिकोण लागतात, नाहीतर गुंठे चुकतात. पुढे एका प्रचंड दुर्घटनेत हाच बारकावा येणार आहे.

ही बुद्धी जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर गणेश दैवज्ञ या कोकणातल्या नांदगावच्या गणितज्ञाने १५४५ साली टीका लिहिली. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं ३९२७ भागिले १२५० हे गुणोत्तर कसं मिळतं ते सांगताना त्याने वर्तुळात आधी सहा बाजूंची आकृती काढली, मग बारा, मग चोवीस, असं दुप्पट करत ३८४ बाजूंपर्यंत नेलं. वाकड्या रेषेऐवजी पुष्कळ सरळ तुकडे. भागाकार करून पाहा, ३.१४१६ येतं.

सांत घटक पद्धतीत वस्तूचं असंच होतं. संगणकावर वस्तूचा आकार काढायचा, त्यावर जाळी टाकायची आणि त्रिकोणी-चौकोनी तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक घटक, आणि तुकडे जिथे एकमेकांना मिळतात तो सांधा. फरक एवढाच की शेताच्या त्रिकोणांची नुसती बेरीज केली की भागतं. इथे तुकडे एकमेकांना ओढतात, ढकलतात. शेजारचा हलला की आपल्यालाही हलावं लागतं.

हे ओढणं-ढकलणं किती सोपं असतं पाहा. दोन भिंतींच्या मध्ये दोन स्प्रिंगा एका ओळीत अडकवल्या आहेत असं समजा. डावी ताठर आहे, तिला १ मिलिमीटर हलवायला ५० किलोचा जोर लागतो. उजवी मऊ, तिला २० किलो पुरतात. दोघींच्या मधल्या सांध्याला धरून उजवीकडे १४० किलोने ढकललं. सांधा किती सरकेल? तो १ मिलिमीटर सरकला तर डावी ५० किलोने मागे ओढते आणि उजवी २० किलोने मागे रेटते, एकूण ७०. आपण लावले १४०. म्हणजे सांधा २ मिलिमीटर सरकेल. आता कोणावर किती भार? डावीवर १००, उजवीवर ४०.

एवढं कळलं तर पद्धतीचा गाभा कळला. आधी प्रत्येक तुकड्याचा ताठरपणा काढायचा, मग सांधे किती सरकले ते शोधायचं, त्यावरून कोणत्या तुकड्यावर किती ताण आला ते काढायचं. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट हाती लागली: जो जास्त ताठर, तो जास्त भार ओढून घेतो. ट्रॉलीवरचं जाड ठिगळ हेच करतं. ते मूळ चॅनेलपेक्षा ताठर असतं, भार स्वतःकडे घेतं आणि जिथे संपतं तिथे तो सगळा एकदम परत चॅनेलवर टाकतं. म्हणून तडा ठिगळाच्या काठावर.

आपल्या उदाहरणात एकच सांधा होता, म्हणून एकच समीकरण आणि तोंडी हिशेब. चॅसिसला लाख सांधे असतील तर प्रत्येक सांध्याची दोन-तीन समीकरणं आणि सगळी एकमेकांत गुंतलेली. माणसाचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून ही पद्धत संगणकाची वाट पाहत थांबली होती. रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने त्रिकोणांची कल्पना १९४३ सालीच मांडली होती. तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९५६ साली बोइंग कंपनीच्या विमानांच्या पंखांवर काम करताना टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी ती प्रत्यक्षात उतरवली. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या रे क्लफ यांनी तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं. लवकरच विमानातली ही पद्धत धरणावर आली. अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाच्या काँक्रीटमध्ये उभा तडा होता. त्याचा अर्थ लावण्यासाठी क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६२ साली धरणाच्या छेदावर त्रिकोणांची जाळी टाकली. पाच वर्षांनी यापेक्षा फार कठीण प्रश्न सह्याद्रीतून पुढे आला.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे

कोयनेच्या भूकंपाची ही वेळ. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना त्या पहाटेबद्दल वेगळं सांगायला नको. हादरा मुंबईच्याही पलीकडे जाणवला होता. कोयनानगरची वसाहत कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, अचल खडक असा तोवरचा समज होता. तो त्या पहाटे संपला.

धरण उभं राहिलं. पण १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला तडे गेले. दरवाज्यांचा सांडवा सोडून जे उंच भाग आहेत, त्यातल्या बऱ्याच भागांवर आडवे तडे होते, पाण्याच्या बाजूलाही आणि खालच्या बाजूलाही. काही ठिकाणी खालच्या अंगाने पाणी झिरपताना दिसलं. आणि सगळे तडे जवळपास एकाच उंचीवर होते, पायापासून सुमारे ६६ मीटरवर.

धरण आडवं कापलं तर कसं दिसेल ते मनात आणा. पायाशी रुंदी सुमारे ७० मीटर, माथ्याशी १५. खालच्या बाजूचा उतार पायथ्यापासून तिरका वर येतो आणि साधारण ६६ मीटरवर एकदम बदलतो. तिथून वर भिंत जवळजवळ उभी. धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचं होतं, काम सुरू असताना ते सलग पूर्ण उंचीचं करायचं ठरलं आणि त्यातून हा नेहमीपेक्षा वेगळा आकार आला. म्हणजे धरणाला मानेसारखी एक जागा तयार झाली. तडे गेले ते मानेवर.

जुन्या हिशेबाप्रमाणे तिथे काही व्हायला नको होतं. त्या काळची रीत अशी: भूकंप म्हणजे धरणाच्या वजनाच्या काही टक्के एवढा आडवा जोर, पायापासून माथ्यापर्यंत सारखा. कोयनेसाठी तो ५ टक्के धरला होता. तेव्हाच्या समजुतीला धरूनच होतं ते, कोणी हलगर्जी केली होती असं नाही. या हिशेबात धरण हा एक अखंड, न वाकणारा दगड असतो. मग चिंता फक्त पायाची, कारण सर्वात जास्त भार तिथे. वरचा भाग हलका, तो सुरक्षितच.

पण धरण न वाकणारा दगड नाही. उभा ऊस बुंध्याशी धरून हलवा. बुंधा बोटभर हलतो, शेंडा हातभर झुलतो. कोयनेसारखं धरणही आपल्या ठराविक लयीत, सेकंदाला साधारण तीनदा, झुलू शकतं. भूकंपाच्या धक्क्यांत या लयीशी जुळणारे धक्के असले की माथा पायापेक्षा कितीतरी जोरात हलतो, आणि त्या झुलण्याचा सगळा बोजा मानेवर येतो. एकदा इकडून ओढ, एकदा तिकडून. काँक्रीट दाबाला राजा आहे आणि ओढीला अगदी दुबळं. म्हणूनच घराच्या स्लॅबमध्ये आपण लोखंडी सळ्या घालतो. धरणाच्या पोटात तशा सळ्या नसतात.

हे सगळं नंतर सांगणं सोपं. आकड्यांनी दाखवलं कोणी? बनारस हिंदू विद्यापीठात शिकून बर्कलीला गेलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी. त्यांच्या हाती एक दुर्मीळ गोष्ट होती. धरणाच्या आतल्या गॅलरीत भूकंपाची हालचाल नोंदवणारं यंत्र बसवलेलं होतं आणि त्याने त्या पहाटेचा प्रत्येक हिसका टिपून ठेवला होता. धरणाच्या भिंतीला आडवा बसलेला सर्वात मोठा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता, म्हणजे हिशेबात धरलेल्या ५ टक्क्यांच्या कितीतरी पट. चोप्रा आणि चक्रवर्तींनी धरणाच्या छेदावर जाळी टाकली, मागच्या पाण्याचा रेटा धरला, यंत्राने टिपलेले हिसके पायथ्याला दिले आणि क्षणाक्षणाला प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते संगणकाकडून काढून घेतलं. १९७३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. काँक्रीट सोसू शकेल त्याच्या कितीतरी पुढची ओढ दोन्ही अंगांवर दिसली, आणि ती नेमकी तिथेच होती जिथे उतार बदलतो. कागदावरच्या जाळीत धोक्याची जागा आणि कोयनेच्या भिंतीवरचा तडा एकमेकांवर बसले.

प्रश्नही माहीत आणि उत्तरही माहीत असं मोठ्या धरणाच्या बाबतीत जगात क्वचितच घडतं. त्यामुळे कोयना पुढे जगभरच्या संशोधकांची परीक्षेची पाटी झाली. काँक्रीट कसं तडकतं याचं नवं गणित कोणी मांडलं की पहिला प्रश्न, 'कोयनेवर चालवून पाहिलं का?' अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत कोयना धरण आहे. चीन, इराण, कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी पाटण तालुका नकाशात पाहिला नसेल, पण कोयनेची ६६ मीटरवरची मान त्यांना पाठ असते. आपल्याकडे मात्र ही गोष्ट अभियांत्रिकीच्या वर्गांबाहेर फारशी आली नाही.

धरणाचं पुढे काय झालं? तड्यांत इपॉक्सी भरलं, वरच्या भागाला ताणलेल्या पोलादी तारांनी जखडलं आणि उंच भागांना खालच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सांडव्याच्या भागालाही २००४ ते २००६ या काळात असंच बळ दिलं गेलं. या भागात लहान-मोठे धक्के आजही बसतात.

रंगीत चित्राचा मोह

आज साध्या लॅपटॉपवर लाखो तुकड्यांचा हिशेब काही मिनिटांत होतो. पडद्यावर वस्तूचं रंगीत चित्र उमटतं: निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. चित्र इतकं देखणं असतं की त्यावर शंका घ्यायला मन धजत नाही. पद्धतीचा खरा धोका इथेच आहे, असं मला वाटतं. संगणक हिशेबात चुकत नाही, पण आपण चुकीचं सांगितलं तर चुकीचाही अचूक हिशेब करतो.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइप्नर नावाचा समुद्रातल्या वायूविहिरीसाठीचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीच्या वेळी बुडाला. तो पोकळ दंडगोल कोठ्या एकमेकांना चिकटवून केलेला होता. तीन कोठ्या जिथे मिळतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहते. तिच्या भिंतीवर बाहेरच्या पाण्याचा दाब येतो. नेमक्या याच जागी संगणकातली जाळी जाड आणि वेडीवाकडी पडली होती. ओढ्याच्या काठाला मोठाले त्रिकोण टाकावेत तसं. भिंतीत कापणारा जोर जितका होता त्याच्या जवळजवळ निम्माच, म्हणजे ४७ टक्क्यांनी कमी, दाखवला गेला. त्याप्रमाणे भिंत ठरली, सळ्या ठरल्या. भिंत फुटली, पाणी घुसलं आणि अख्खा पाया खाडीच्या तळाशी आदळून चुराडा झाला. तो आदळल्याची नोंद भूकंपमापकांवर ३ रिश्टरच्या धक्क्यासारखी झाली. माणसं वेळेवर बाहेर पडली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. नंतर बारीक जाळीने तोच हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती.

म्हणून चांगला अभियंता पहिल्या उत्तरावर थांबत नाही. जाळी दुप्पट बारीक करून पुन्हा चालवतो. आकडा फारसा हलला नाही तर विश्वास ठेवतो, हलला तर आणखी बारीक करतो. इथेही एक गंमत आहे. आतला कोपरा गणितात सुईसारखा टोकदार काढला असेल, तर तुकडे जितके बारीक कराल तितका तिथला ताण वाढतच जातो, थांबतच नाही. खरा कोपरा कधी इतका टोकदार नसतो, वेल्डिंगची थोडी गोलाई असतेच. हे ज्याला माहीत नाही तो लाल रंग पाहून उगाच घाबरतो, किंवा जाळी जाड ठेवून उगाच निश्चिंत राहतो.

आणि जाळी कितीही बारीक केली तरी भार किती, हे माणसानेच सांगायचं असतं. कोयनेला ५ टक्के धरून सांत घटक पद्धत चालवली असती तर तिनेही धरण सुरक्षित म्हटलं असतं. ट्रॉलीचं डिझाइन अमुक टनांवर करायचं आणि हंगामात तिच्यावर त्याहून कितीतरी जास्त ऊस रचायचा, वर खड्ड्यांचा रस्ता. मग कंपनीच्या संगणकातलं निळं चित्र काय करणार?

हेच गणित हाडांवरही चालतं. १९७२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मांडीच्या हाडावर जाळी टाकून ताण काढला आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेला नवं साधन मिळालं. आता सीटी स्कॅनवरून एका विशिष्ट माणसाच्या हाडाची जाळी करता येते, कारण स्कॅनमधल्या करड्या छटांवरून हाड कुठे घट्ट, कुठे विरळ ते कळतं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात. मघाच्या दोन स्प्रिंगा आठवा. धातू हाडापेक्षा कितीतरी ताठर, म्हणून भार तो घेतो आणि शेजारचं हाड निवांत राहतं. हाड ही जिवंत चीज आहे. भार मिळाला नाही तर ते विरळ होत जातं. वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रेमध्ये दांड्याशेजारचं हाड पातळ झालेलं दिसू शकतं. दांडा किती लांब, किती जाड, कोणत्या धातूचा असावा, हे ठरवताना आज अशा जाळ्यांचा आधार घेतात. टायटॅनियमचे मिश्रधातू पोलादापेक्षा कमी ताठर, म्हणजे साधारण निम्मे. ते वापरण्यामागे हेही एक कारण आहे. दाताच्या इम्प्लांटपासून हृदयाच्या नळीतल्या स्टेंटपर्यंत हीच तपासणी होते. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो, आणि असण्याची गरजही नाही.

पुन्हा त्या वेल्डिंगच्या दुकानात. मिस्त्रींना मी विचारलं, यंदा काय वेगळं करणार? मागच्या हंगामात घाईत पट्टी चौकोनी मारली होती, तीच चूक झाली असं ते स्वतःहून म्हणाले. त्यांनी आधी तड्याचं टोक शोधलं, तिथे ड्रिलने एक गोल भोक पाडलं, म्हणजे तड्याची सुई बोथट होऊन तो पुढे धावायचा थांबतो. तिपटीचा ताण परवडला, सुईच्या टोकाचा नाही. मग तडा घासून वेल्डिंगने भरला. नव्या पट्टीची दोन्ही टोकं त्यांनी शंकरपाळ्यासारखी तिरकी कापली, म्हणजे भार पट्टीवरून चॅनेलवर एकदम न पडता हळूहळू उतरेल. टोकाला आडवं वेल्डिंग केलं नाही, कडेकडेनेच केलं. ग्राइंडर फिरवून सगळ्या धारा गोल केल्या. हे कुठे शिकलात म्हटल्यावर हसले. "मोडून मोडून कळतंय की," म्हणाले.

ट्रॉली रात्री आठच्या सुमाराला बाहेर पडली. दारात आणखी दोन उभ्या होत्या.